काटोलच्या बागायतदाराच्या मुलाला: किडनी, स्टेम सेल आणि ‘नॅनो’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, काटोलजवळ संत्र्याची बाग. मे महिन्यात भर दुपारी ओलीत करताना भोवळ येऊन पडले. त्याआधी चार दिवस कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या सुरू होत्या. नागपूरला आणलं तेव्हा लघवी बंद आणि क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारं द्रव्य) ७.८. सहा डायलिसिस झाले, लघवी सुटली, आणि आता साडेतीन महिन्यांनी क्रिएटिनिन २.३ वर येऊन अडकलं आहे. अशात एका सेंटरने सांगितलं की ‘नॅनो टेक्नॉलॉजीची स्टेम सेल थेरपी’ घेतली तर किडनी पुन्हा पहिल्यासारखी होईल. तीन इंजेक्शनं, साडेचार लाख. मुलगा विचारतो, हे खरं आहे का, आणि खरं असेल तर बागेचा एक तुकडा विकायला काढायचा का?

तुकडा काढू नका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचायला वेळ लागेल आणि तोवर त्या सेंटरचे दोन फोन येऊन गेलेले असतील.

पण म्हणून हे सगळं थोतांड आहे असंही समजू नका. मी पंधरा वर्षं नागपुरात किडनीचे पेशंट बघतो. त्याआधी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या किडनीवर याच पेशी वापरून पाहण्याचं काम केलं आहे. कल्पनेत दम आहे. घोळ आहे तो बाबांच्या किडनीची आजची अवस्था आणि विकायला ठेवलेला माल यांच्यातल्या अंतरात.

आधी बाबांना नेमकं काय झालं ते बघू. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा दोन किडन्या घेतात. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर सगळ्यात आधी हाच पुरवठा आवळतं. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करून आपल्या तोंडाशी असलेली बारीक रक्तवाहिनी जबरदस्तीने उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक नेमकी हीच द्रव्यं बंद पाडतं. म्हणजे ४५ अंशांच्या उन्हात किडनीचा शेवटचा आधार गोळीने काढून घेतला. उन्हाने स्नायू फुटले असतील तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिनही किडनीत जाऊन बसतं. पहिल्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होती का, हे आठवून बघा.

मार बसतो तो किडनीतल्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागाला. इथल्या पेशी दिवसरात्र राबतात, १८० लिटर गाळलेल्या पाण्यातून कामाचं सगळं परत ओढून घेतात, पण रक्त तुटलं तर त्यांच्याकडे शिल्लक काहीच नसते. त्या मरतात, सुटून नळीत पडतात आणि नळी चोंदते. मग शेजारच्या जगलेल्या पेशी आपलं नेहमीचं काम बाजूला ठेवून पुन्हा लहान होतात, वाढतात आणि उघडी पडलेली भिंत लिंपून काढतात. बाबांची लघवी सुटली ती या लिंपणामुळे. डायलिसिसने फक्त तेवढे दिवस निभावून नेलं. जिथे लिंपण अर्धवट राहिलं तिथे व्रण झाला. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिची नळी यांच्या जोड्या, असतात आणि नवे नेफ्रॉन बनायचं काम आईच्या पोटात, ३६व्या आठवड्याच्या सुमारास कायमचं थांबतं. म्हणून तीन महिने हा आमच्यासाठी महत्त्वाचा टप्पा आहे. त्याच्या आत जे भरून यायचं ते बहुतेक भरून येतं, नंतर जे उरतं त्याला आम्ही क्रॉनिक, म्हणजे कायम राहणारं, म्हणतो.

आता पेशी. भंडाऱ्याकडच्या एका पेशंटच्या भावाने मला एकदा विचारलं होतं, “साहेब, खुंटावर डोळा भरला का झाड येतेच ना? मंग किडनीत पेशी टाकल्यावर किडनी काहून नाही येनार?” प्रश्न चोख होता. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) धरला की त्याचं संत्र्याचंच झाड होतं, आणि स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्हालाही हेच वाटत होतं.

या कामात वापरतात त्या पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. त्या अस्थिमज्जेतून, पोटाच्या चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून मिळतात. २००५ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या पेशी दिल्यावर मार बसलेली किडनी लवकर सावरते, पण दिलेल्या पेशी किडनीत शोधायला गेलं तर जवळपास सापडतच नाहीत. त्या किडनी बनत नाहीत. त्या काही रसायनं सोडतात, त्याने सूज उतरते, जगलेल्या पेशींना वाढायचा इशारा मिळतो आणि मरणाऱ्या थोड्या वाचतात. म्हणजे हा डोळा भरण्याचा प्रकार नाहीच. डिंक्या झालेल्या, म्हणजे सालीतून डिंक गळणाऱ्या झाडाला तुम्ही बोर्डो मलम लावता, तसं आहे. मलमाची साल होत नाही; साल झाडालाच धरावी लागते आणि गेलेली फांदी गेलेलीच राहते. ज्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना हे नाव दिलं, त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की ‘स्टेम सेल’ हा शब्द आता काढून टाका, लोकांची दिशाभूल होते. नाव काही गेलं नाही. जाहिरातीला ते फार उपयोगी पडतं.

उंदरात चाललं, मग माणसात? सगळ्यात मोठी नेटकी चाचणी उत्तर अमेरिकेत झाली आणि २०१८ मध्ये छापून आली. हृदयाच्या ऑपरेशननंतर किडनीला मार बसलेले १५६ पेशंट घेतले. काहींना दुसऱ्या निरोगी माणसाच्या मज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना नुसतं द्रावण. किडनी सावरायला लागलेल्या दिवसांत फरक नाही, डायलिसिसच्या गरजेत नाही, मृत्यूंत नाही. पेशींनी घात केला नाही, पण कामही केलं नाही.

का, याचा विचार करताना नॅनोचा विषय निघतो. मोकळी केलेली एक मेसेन्कायमल पेशी साधारण २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसातली केशवाहिनी आठेक मायक्रॉनची. हाताच्या शिरेतून सलाईनबरोबर पेशी सोडल्या की त्या हृदयातून थेट फुप्फुसात जातात आणि बहुतेक तिथेच अडकतात. डोस किलोमागे १० ते २० लाख पेशींचा असतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६ ते १२ कोटी. त्यातल्या किडनीपर्यंत पोचतात त्या अगदी थोड्या. ज्या पोचतात त्यांच्यापुढे सूज, प्राणवायूची टंचाई आणि ऑक्सिडेशनचा मारा असतो, त्या एक-दोन दिवसांत मरतात. त्यात उंदराला आपण किडनीची रक्तवाहिनी क्लिपने बंद करून, सोडून, तासाभरात पेशी देऊ शकतो. माझा पेशंट गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा असं कुठूनतरी तिसऱ्या दिवशी येतो, साठीचा असतो आणि बरोबर वीस वर्षांची शुगर घेऊन येतो. उंदीर तरुण, धडधाकट आणि एकाच आजाराचा असतो. हा फरक कुठल्याच नॅनोकणाने मिटणारा नाही, तो वेगळाच प्रश्न आहे.

मिटण्यासारखे प्रश्न तीन आहेत. पेशी पोचत नाहीत, पोचल्या तर टिकत नाहीत, आणि पोचल्या की नाही ते आपल्याला दिसत नाही.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण ते काम मी स्वतःच्या हातांनी केलं आहे. ‘नॅनो’ ऐकून लोकांना काहीतरी परग्रहावरचं वाटतं, म्हणून आमच्या डायलिसिस युनिटमधली रोजची गोष्ट सांगतो. दुपारच्या शिफ्टला सिस्टर आयर्न सुक्रोजचं ५ मिलीचं अँप्यूल फोडते. काळपट तपकिरी, काकवीसारखं. त्यात १०० मिलीग्राम लोह असतं. ते सलाईनच्या बाटलीत सोडलं की आधी तपकिरी धूर खाली उतरतो आणि मग सगळं चहाच्या रंगाचं होतं. एवढं लोह उघडंच रक्तात सोडलं तर जिवावर बेतेल. इथे लोहाच्या अतिबारीक कणाभोवती साखरेचं वेष्टण आहे आणि तो कण नॅनोमीटरमध्येच मोजावा लागतो. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. बाबांना ॲडमिट असताना रक्त वाढवायला हे दिलं असेल, तर त्यांनी ‘नॅनो’ घेऊन झालेलं आहे, आणि तेही अगदी साध्या दरात.

याच घराण्यातलं फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध अमेरिकेत २००९ मध्ये किडनीच्या पेशंटच्या रक्तक्षयासाठी मंजूर झालं. संशोधकांनी ते हेपॅरिन आणि प्रोटॅमिन या दोन जुन्याच औषधांबरोबर मिसळून पाहिलं. तिघांचा मिळून जो बारीक गोळा होतो तो स्टेम सेल आवडीने गिळते. लोह पोटात असलेली पेशी एमआरआयवर काळी दिसते. म्हणजे पेशी कुठे गेली ते माणूस न कापता कळणार.

आम्हीही उंदरांवर तेच करत होतो, फक्त कण वेगळ्या बनावटीचे. पेशींना रात्रभर लोहाचे कण घातले, उंदराची डावी किडनी ४० मिनिटं क्लिप लावून उपाशी ठेवली, क्लिप काढली आणि धमनीतून पेशी सोडल्या. दुसऱ्या दिवशी एमआरआय. किडनीच्या कडेला मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. सातव्या दिवशी पुन्हा काढला, ठिपके तिथेच. आम्ही दोघं विद्यार्थी इतके खूश की त्या संध्याकाळी कँटीनवाल्याला सगळ्यांचा चहा आमच्या नावावर लिहायला सांगितला. सरांनी एवढंच म्हटलं, स्लाइड आणा.

किडनीचे पातळ काप काढून त्यावर प्रशियन ब्लूचा डाग दिला. या डागाने लोह निळं दिसतं. निळे ठिपके होते, भरपूर होते. मग शेजारच्या कापावर मॅक्रोफेजचा डाग दिला. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या सफाई कामगार पेशी, मेलेलं गिळून टाकणाऱ्या. दोन्ही काप एकावर एक ठेवून पाहिले तर जवळपास सगळं निळं मॅक्रोफेजच्या पोटात. आम्ही सोडलेल्या पेशी केव्हाच मेल्या होत्या. त्यांचं लोह सफाईवाल्यांनी गिळलं होतं आणि एमआरआय इमानाने तेच लोह दाखवत होता. सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलता म्हणाले, “पेशी नाही दिसत आहेत रे, पेशींच्या अस्थी दिसत आहेत.”

हे इतकं लांबवून सांगायचं कारण, तुम्हाला त्या सेंटरने एक रंगीत फोटो दाखवला असेल, त्यात किडनीत चमकणारे ठिपके असतील. ठिपका म्हणजे जिवंत पेशी नव्हे. उंदरात यावर उपाय आहे: पेशीत काजव्याचं जनुक घालतात, ती जिवंत असेल तरच प्रकाश देते. पण माणसाची किडनी पाठीच्या मांसाखाली इतकी खोल असते की तो प्रकाश बाहेर येत नाही.

पोचवण्यासाठी चुंबकाची युक्ती आहे. पेशीच्या पोटात लोह आहेच, मग बाहेरून चुंबक धरून तिला किडनीकडे ओढा. उंदरात हे जमतं. माणसात पाठीच्या कातडीपासून किडनी पाच-सात सेंटीमीटर आत असते आणि चुंबकाची ओढ अंतराबरोबर भराभर पडते. जास्त आशेची वाट दुसरी आहे. मार बसलेली किडनी एसडीएफ-१ नावाचं रसायन सोडून हाक मारते, आणि पेशीच्या अंगावर सीएक्ससीआर-४ नावाचा कान असेल तर ती हाक ऐकू येते. ताटलीत वाढवताना पेशी हा कान गमावून बसतात. व्हायरसऐवजी नॅनोकणांतून जनुक पोचवून तो कान परत आणता येतो. काही लोहकण गिळल्यावरही तो वाढलेला दिसला आहे.

टिकवण्यासाठी दोन मार्ग. एक म्हणजे पेशीला आधीच शिदोरी बांधून पाठवायचं. सेरियम ऑक्साइडचे नॅनोकण यात फार गमतीचे आहेत. सेरियमचा अणू दोन अवस्थांत सारखा ये-जा करू शकतो, त्यामुळे घातक ऑक्सिजनचे रेणू विझवूनही तो संपत नाही, पुन्हा तयार होतो. आपल्या अंगातली संरक्षक एन्झाइम्स जे करतात तेच हा धातूचा कण करतो. दुसरा मार्ग म्हणजे हायड्रोजेल. पाणी धरून ठेवणारा मऊ लगदा, कोळंबीच्या टरफलातून निघणाऱ्या कायटोसानचा किंवा स्वतःहून जाळं विणणाऱ्या प्रथिनांच्या तुकड्यांचा. त्यात पेशी बसवल्या की त्या एकट्या भिरकावल्या जात नाहीत, धरायला जाळं मिळतं. उंदरांत या लगद्यासकट दिलेल्या पेशी नुसत्या पेशींपेक्षा जास्त दिवस राहतात आणि व्रण कमी होतो.

इथे मात्र माझ्यातला डॉक्टर माझ्यातल्या संशोधकाला थांबवतो. लगदा द्यायचा तर सुई थेट किडनीत घालावी लागते. युरिया चढलेल्या माणसाचे प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे कण, आळशी झालेले असतात. साधी बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढायचा तर मी आदल्या दिवसापासून त्याचं बीपी बघतो, आणि नंतर रात्रभर लघवीचा रंग. अशा किडनीत तीन-तीन ठिकाणी जाड सुईने लगदा भरायचा? उंदराचं पोट उघडून डोळ्यांसमोर टोचणं वेगळं.

आता किडनीची चाळणी, कारण नॅनोकणाचं भवितव्य तीच ठरवते. साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीतून निघून जातो. हे २००७ मध्ये क्वांटम डॉट नावाचे चमकणारे नॅनोकण वापरून नीट मोजलं गेलं. सत्तर-ऐंशी नॅनोमीटरचे सोन्याचे कण गाळणीच्या गुच्छातल्या मधल्या भागात जाऊन बसतात, हे २०११ मध्ये दिसलं. आणि २०१५ मध्ये ४०० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे या हिशेबात धिप्पाड कण नळ्यांच्या पेशींत साठताना दिसले. चाळणीतून जाण्याएवढे लहान ते नव्हतेच, तेव्हा मागच्या बाजूने, नळीभोवतीच्या रक्तवाहिन्यांतून आत शिरले असावेत असा तर्क आहे. मार बसलेल्या किडनीत पुढचा दरवाजा, म्हणजे गाळणं, जवळपास बंद असतं. त्यामुळे हा मागचा दरवाजा फार मोलाचा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पुढची पैज मी पेशीवर लावणार नाही. पेशी आपलं काम ज्या पुड्यांतून करते त्या पुड्यांवर लावेन. पेशी सतत बारीक थैल्या बाहेर सोडत असते. त्यांतल्या एक्सोसोम म्हणतात त्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या, आत संदेश देणारे आरएनए आणि प्रथिनं. हा निसर्गाचाच नॅनोकण. फुप्फुसात अडकत नाही, फ्रीझरमध्ये ठेवता येतो, वाढून गाठ होण्याची भीती नाही. २००९ पासून उंदरांत दिसत आलं आहे की नुसत्या थैल्या दिल्या तरी किडनी सावरते. अडचण एवढीच की शिरेतून दिल्यावर यकृत आणि प्लीहाच त्यांतल्या बहुतेक गिळून टाकतात. म्हणून त्यांच्यावर पत्ता चिकटवायचे प्रयत्न चालू आहेत. मार बसलेल्या नळीच्या पेशी अंगावर किम-१ नावाचं प्रथिन मिरवतात, निरोगी किडनीत ते जवळपास नसतंच. थैलीला किम-१ ओळखणारा आकडा लावला की ती नेमक्या जखमेवर थांबेल. तरीही कोणी तुम्हाला आज एक्सोसोमचं इंजेक्शन विकत असेल तर एवढं माहीत असू द्या: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की एकही एक्सोसोम उत्पादन मंजूर नाही आणि लोकांना त्यातून गंभीर त्रास झाले आहेत.

धातूंबद्दल किडनीवाले डॉक्टर इतकी कुरकुर का करतात, असं मला तरुण संशोधक विचारतात. कारण आमचे हात पोळलेले आहेत. एमआरआय स्पष्ट यावा म्हणून टोचतात ते गॅडोलिनियम या धातूचं औषध किडनीला निर्धोक म्हणून आम्ही वर्षानुवर्षं बिनधास्त दिलं. मग काही पेशंटची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, आणि २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी लागला. बाहेर टाकायचा रस्ताच बंद असेल तर निर्धोक वस्तूही साठून विष होते. चमकणाऱ्या अनेक क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम असतं, आणि कॅडमियम मुरतं कुठे तर किडनीच्या याच नळ्यांत. जाता जाता: भस्म म्हणजे आपलं जुनं नॅनोच, तेव्हा तेच घ्या, असा मेसेज तुम्हाला आला असेल. पारा असलेल्या देशी औषधांमुळे किडनीच्या गाळणीचा मेम्ब्रेनस नावाचा आजार होतो, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं आहे. ते मुळीच घेऊ नका.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, नुकसान काय होणार’ हे वाक्यही ऐकलं असेल. थायलंडमध्ये ल्युपसने (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराने) किडनी बिघडलेल्या एका बाईंच्या किडन्यांत त्यांच्याच रक्तातल्या स्टेम सेल टोचल्या होत्या. जिथे टोचल्या तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जेच्या पेशींच्या गाठी झाल्या आणि एक किडनी काढावी लागली. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर हे संशोधन आहे आणि ते मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं. बुर्जर रोगातल्या (यात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात) पायाच्या जखमांसाठी एका तयार उत्पादनाला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली, म्हणजे रीतसर गेलं तर दार उघडतं. किडनीसाठी असं काही मंजूर नाही. नॅनो औषधांसाठीही २०१९ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

तेव्हा त्या सेंटरला एकदा फोन लावाच, आणि सीटीआरआय क्रमांक, म्हणजे चाचणीचा नोंदणी क्रमांक, विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर २००९ पासून प्रत्येक चाचणी नोंदवावी लागते, मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. क्रमांक मिळाला तर पुढचं विचारा: चाचणी आहे तर साडेचार लाख कशाचे? प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या औषधाचे पैसे घ्यायचे नसतात, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते. आणि मग शांतपणे विचारा की यातला नॅनो पदार्थ कोणता, कण किती नॅनोमीटरचा, आणि किडनी अर्धी चालत असताना तो अंगाबाहेर कसा पडणार. माझ्या एका पेशंटच्या मुलीने हे असंच विचारलं तर समोरून उत्तर आलं, “मॅडम, ते फॉरेनचं फॉर्म्युलेशन आहे.” तिने फोन ठेवला.

आता बाबांचं. क्रिएटिनिन २.३ म्हणजे किडनी संपली असं नाही. अशी माणसं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं डायलिसिसशिवाय राहतात, माझ्याकडे आहेत. बीपी घरी मोजायचं मशीन घ्या आणि वहीत लिहा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासून घ्या. प्रथिनं जात असतील तर त्यावर जुन्या, भरवशाच्या गोळ्या आहेत. डॅपाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी बाबांना चालेल का, हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. २०२० मध्ये तिचा किडनीसाठीचा फायदा हजारो पेशंटवर सिद्ध झाला, शुगर नसलेल्यांतही, आणि आता जेनेरिकमुळे ती परवडते. साडेचार लाखांत किती वर्षं पुरेल याचा हिशेब तुम्हीच मांडा. कंबर दुखली तर शेक आणि पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकचं पाकीट घरात ठेवूच नका, गुडघ्यासाठी आईने आणलेलंसुद्धा.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन्ही किडन्यांची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असेल, तो आकडा आणि तपासणीचा निकाल पाठवा, मग पुढचं बोलू. आणि येत्या उन्हाळ्यात मोटरची लाइट दिवसाची मिळो की रात्रीची, दुपारी अकरा ते चार बाबांना बागेत जाऊ देऊ नका. वाल फिरवायला तुम्ही जा, नाहीतर गड्याला पाठवा, तोही पाणी पिऊन.